उघाडी

बँकेतल्या बाईंनी फॉर्म उलटवून विचारलं,
सह-अर्जदार?
कोणी नाही, म्हटलं.
त्यांनी त्या चौकटीत तिरपी रेघ मारली
आणि वीस वर्षं मोजून दिली,
मी साठीला टेकेपर्यंतची.

सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मुद्दाम आखूड केलेला असतो
हे नंतर कळलं,
औशाहून आणलेला माझा पलंग आत आला
आणि बेडरूमचं दार लागेना तेव्हा.
पाट्याचे टेम्पोवाल्यानं दोनशे जास्त लावले.
दगड कशाला नेताय मॅडम, मिक्सर नाही का?

चारशे अकरा चौरस फूट, पहिला मजला.
कल्पेश दलाल म्हणाला होता, खिडकीतून खाडी दिसते.
दिसते.
बाथरूमच्या खिडकीतून,
बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर.

पत्ता: प्लॉट सत्तावन्न, सेक्टर चौतीस, कामोठे.
औशात पत्ता सांगायला
निदान एक मेलेला माणूस लागायचा,
अमक्या कासाराच्या घरामागं.
इथं नुसते आकडे,
आणि तेही रांगेत उभे राहत नाहीत.

पहिल्या आठवड्यात रिक्षात बसले.
प्लॉट सत्तावन्न.
तो मागं वळून म्हणाला, उधारी?
नाही, रोख.
तो हसला, मला राग आला.
दुसऱ्या दिवशी दुसरा, तेच.
तिसरी शेअर रिक्षा, भर नाक्यावर ओरडत होता,
उधारी कोण आहे, उधारी?
मागच्या सीटवरचे दोघं म्हणाले, आम्ही.
इतक्या सहज.
मी पुढच्या चौकापर्यंत चालत गेले.

खाली कोपऱ्यावर चांगुबाय भोपी मासळी घेऊन बसते.
मला माशातलं काही कळत नाही
हे तिला पहिल्याच दिवशी कळलं,
तेव्हापासून ती साफ करूनच देते.
तिला विचारलं.
विळीवरची नजर न उचलता म्हणाली,
उधारी नाय गो बाय, उघारी.
तुजे बिल्डिंगचे खाली व्हती. लाकराचा दार.
भरती आली का लागाचा, व्होटीला उघराचा.
खारा पानी भायेर, आमचा भात आत.
सासरा माजा रातचा उठून जायाचा बगाला.
आणि आता?
आता तू हायेस ना वर.
वीस रुपये सुट्टे दे.

वर येऊन फाईल काढली.
वकिलानं सात हजार घेऊन तीस वर्षं मागं जाऊन शोधलं होतं,
त्यात सासरा नाही, लाकडाचं दार नाही.
साडेबारा टक्के असे दोन शब्द आहेत,
मी ती सूट समजले होते.

आमच्याकडं पाऊस थांबून ऊन पडलं की उघाड म्हणतात,
गोधड्या बाहेर घालतात.
इथं उघाडी म्हणजे दार,
आणि अर्धा दिवस ते बंदच ठेवायचं.

भाद्रपदातल्या पुनवेला
रात्री दोन वाजता मोरी बोलायला लागली,
घशात काही अडकल्यासारखी,
मिठाचा, चिखलाचा वास.
पहिल्या मजल्यावर पाणी चढत नाही, मला माहीत आहे.
तरी पाटा ओढत नेला, जाळीवर ठेवला,
आणि बादली पालथी घालून बसले.
समोरच्या विंगमध्येही दोन दिवे लागले होते.
चारच्या सुमाराला आवाज उतरला.
मी पाटा सरकवला.

सकाळी आईचा फोन,
गाडीत बसलेय, उतरून काय सांगू?
म्हटलं, प्लॉट-सेक्टर काही सांगू नको.
रिक्षावाल्याला नुसतं म्हण, उघारी.
आई जरा वेळ गप्प.
मग हळूच, शेजारच्या सीटला ऐकू जाऊ नये अशी:
किती गं राहिली अजून?