लेफ्ट

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, मंगळवारी, सहा ते साडेसात.
हीटर नुसता खोकतो, तापत नाही.
हेदर ब्लँचर्ड फळ्यावर एकच शब्द लिहिते
आणि खडूची बोटं स्वेटरला पुसते :
लेफ्ट.

सोपा आहे. फॅक्टरीत पहिल्याच दिवशी शिकवतात :
मासा डाव्या हातात, सुरी उजव्या.
डोविलेने डावा हात वर केला. बरोबर.
त्या हाताला कॉडचा वास आहे,
लिंबाने जात नाही, साबणाने जात नाही,
रविवारने थोडासा जातो.

मागच्या खुर्चीवर लेन कथबर्ट.
विद्यार्थी नव्हे, नुसता उबेला येऊन बसतो,
तीही मिळत नाही.
त्याने आपला पंजा दाखवला :
"लेफ्टला लेफ्ट किती? तीन."
दोन बोटं विंचने ओढून नेली, आइसलंडच्या वरच्या अंगाला.
वर्ग हसला. लेनही हसला.
हेदरने फळ्यावर दुसरा अर्थ लिहिला : उरलेलं.

इथेच थांबता आलं असतं.
पण विदमांतास म्हणाला,
"सुपरवायझर बोलला, तुझा रूममेट लेफ्ट.
मी डावीकडे बघितलं.
तिकडे भिंत होती."

या वेळी कोणी हसलं नाही.
हेदरने तिसरा अर्थ लिहिला : गेला.
मग त्याच्या शेजारी दाटीवाटीने
निघाला, सोडला, टाकून गेला,
आणि खाली बारीक अक्षरात सोयरेधायरे :
काल रात्रीचं जेवण, शिळं, फ्रीजमध्ये.
बसमध्ये राहिलेली छत्री.
ओव्हरटाइमच्या यादीतून डावललेली माणसं.
फार पूर्वी, ती म्हणाली, हा डावा म्हणजे दुबळा होता.
मग कधीतरी दोन वेगवेगळे शब्द
बोलता बोलता एकाच उच्चारात राहायला आले,
भाडं वाटून घेतल्यासारखे.

"आमच्याकडे," डोविले म्हणाली,
"पायी गेला तर इशेयो.
गाडीने गेला तर इशवाझ्यावो.
मागे राहिला तर लिको.
कोण कसं गेलं, क्रियापदच सांगतं.
शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही."

हेदर खिडकीकडे वळली. खिडकीत गोदी.
बोटीने जाणाऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात,
हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही.
तिचे वडील एका गुरुवारी भरतीबरोबर लेफ्ट.
त्यांचं जे काही लेफ्ट, ती एक लोकरीची टोपी,
आणि कथलाचं पाणी चढवलेला चहाचा डबा,
ज्यात आई नंतर बटणं ठेवायची.
तिने फळा पुसला.
गृहपाठ : एक वाक्य. फक्त एक.

पुढच्या मंगळवारी डोविलेचा कागद :
माझ्या गावची शाळा. बावीस मुलं.
मग नऊ. मग रोज सकाळी विमानतळाची बस.
नोबडी लेफ्ट.

एकच वाक्य सांगितलं होतं,
पण त्याचं काही नाही.
हेदरचं लाल पेन शेवटच्या ओळीवर अडलं.
कोणीच गेलं नाही?
की कोणीच उरलं नाही?
मध्ये एक इवलासा 'वॉज' घातला की शाळा रिकामी,
दारं आपटताहेत, घंटेला गंज.
नाही घातला,
तर अजून बावीसच्या बावीस बाकावर,
कोणीतरी कोणाची तरी वेणी ओढतंय.

तिने मान वर केली.
डोविले नखातला एक खवला काढत होती,
डाव्या हाताच्या, अगदी मन लावून.
"कुठलं म्हणायचंय तुला?"
"तुम्ही तपासा," डोविले म्हणाली.
"मी तर बसमध्ये होते."

हीटर खोकला.
हेदरने पेनाला टोपण लावलं, मग काढलं,
मग कागदाच्या कोपऱ्यात तारीख तेवढी घातली.
मागून लेनने विचारलं,
बिस्किटं लेफ्ट आहेत का काही.