पर्यंत

कागदावर होतं: शंभरपर्यंत.
सही करताना मी शंभर वाचलं.
‘पर्यंत’ तसाच राहिला,
नव्या साडीच्या घडीत टाचणी राहते तसा.

वडगावात घर. खाली माग, वर मी.
मी काठ काढते: गोमी, रुईफूल, मोर,
संगणकावर ठिपक्याला ठिपका लावत,
आणि रात्री इचलकरंजीला पाठवते.
पाठवते म्हणजे पाठवायला बसते.
सत्त्याण्णव टक्क्यांवर मोर थांबतो,
पिसारा तिकडं, पाय इकडं.
सकाळी शेठचा फोन: बाई, काठ कुठाय?

बाबा वजनमापं खात्यात शिपाई होते.
रविवार पेठेत तागडीखाली बोट फिरवून
चिकटवलेली चिंच काढायचे
आणि दुकानदारालाच चाखायला द्यायचे.
किलो म्हणजे किलो, म्हणायचे,
किलोपर्यंत असं वजन मी अजून बघितलं नाही.

म्हणून वही घातली.
सकाळी सहा: एकोणचाळीस.
दुपारी दोन: लाइट नाही, मोजलं नाही.
रात्री नऊ: चार.
जावेची मालिका बंद करायला लावून पुन्हा: चार.
(ती दोन दिवस बोलली नाही. तेही वहीत आहे.)
सत्तावीस दिवस.
बिल तेवढं नऊशे नव्याण्णव आलं,
नऊशे नव्याण्णवपर्यंत नाही.

फोनवर: कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन,
हिंदीसाठी तीन.
मी जरा थांबले. पुढं नुसती शिट्टी.
एक दाबला.
‘भाळ स्लो ऐत्री,’ म्हटलं, बाजारात शिकलेल्या कन्नडात.
तिकडचा मुलगा हसला नाही,
एवढ्यावर त्याला अर्धं माफ केलं.
राउटर बंद करून चालू करा, म्हणाला.
अकरा वेळा केला.
अकरा तक्रारींचे अकरा नंबर,
आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी मेसेज: तक्रार सुटली.
कुणी सोडवली? गाठ तिथंच,
दोरा तेवढा कापलेला.

समोरच्या शिवलीला अंगडी
कोर्टात बत्तीस वर्षं टायपिस्ट.
ग्राहक आयोगाकडं जायचं तर कागद नीट पाहिजे, म्हणाल्या.
मी मराठीत सांगत गेले, त्या कन्नडात बसवत गेल्या.
‘पर्यंत’पाशी मी अडले: ह्याला तुमच्यात काय म्हणतात ओ?
त्यांनी चष्मा वर केला.
पर्यंतच की! जीवनपर्यंत म्हणत नाही होय आम्ही?
दोघी हसलो.
एवढ्या वर्षांच्या भांडणात
हा एक शब्द दोन्ही घरी जेवत होता
आणि कुणाच्याच हाताला लागत नव्हता.

चौथ्या दिवशी शिडी घेऊन पोरगा आला,
यल्लेश, नंदगडचा.
खांबावर चढला, उतरला, घाम पुसला.
अक्का, एका दोरीवर साठ घरं वाळत घातल्यात,
मी काय पिळू?
चहा बशीत ओतताना हळूच म्हणाला,
तक्रार मागं घेतला तर बरं होतंय.
तुमचा एक कागद म्हणजे माझे दोनशे कापतात.

त्या रात्री वही उघडली नाही.
बाबा असते तर काय केलं असतं?
खोटं वजन धरलेल्या हमालाला
त्यांनी कधी दंड लावल्याचं आठवत नाही.
दंड दुकानाच्या पाटीला.

सकाळी शिवलीलाबाईंकडं गेले.
शेवटी एक ओळ घाला, म्हटलं:
ही तक्रार शिडीवरच्या माणसाविरुद्ध नाही.
त्यांनी घातली. न सांगता खाली रेघही मारली.

तारीख पुढच्या महिन्यातली पडलीय.
तोवर साठ घरांपैकी
नऊ घरांत वह्या झाल्यात.
गवंडी गल्लीतला एक जण तर शाळेच्या पोराकडून
रोजच्या रोज आलेख काढून घेतो.

काल रात्री नऊ: सहा.
मी पेनानंच लिहिलं.
मोराचा एक पाय
निपाणीच्या आसपास कुठंतरी असेल.