खाचेत बसतं, चालत नाही

लोंद्रिनाच्या बाजारात माझा सत्तेचाळीस नंबरचा गाळा.
डावीकडे मोबाइलची कव्हरं, उजवीकडे पास्तेल तळणारी बाई.
तिच्या तेलाचा वास आणि माझ्या सोल्डरचा धूर
शर्टाला चिकटून रोज एकत्रच घरी येतात.

इथली माती तांबडी. स्क्रूच्या आट्यांत शिरते,
बिजागरीत, बटणांखाली, माणसांच्या टाचांत.
मशीन उघडलं की आधी तिलाच फुंकर मारावी लागते.

त्या मुलाच्या मशीनमध्ये मात्र कणभरही नव्हती.
निळं, मिटलं की पाकिटाएवढं,
हामामात्सुहून दोन महिन्यांपूर्वी आलेलं, त्याच्याचबरोबर.
"काउए तामाशिरो," म्हणाला, आणि मग कुणी न विचारता,
"बाबा तिकडेच आहेत. गाड्यांना आरसे बसवतात."

"बिघडलंय काय?"
"काही नाही."
अठरा वर्षांत या बाकड्यावर हे उत्तर पहिल्यांदा आलं.

त्यानं खिशातून एक कार्ड काढलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं.
वर्गातल्या व्हाग्नेरनं वाढदिवसाला दिलेलं.
मी खाचेत सरकवलं.
टक्.
हा टक् मी ओळखतो. मापात चूक नाही, असं सांगणारा टक्.
आणि चूक नव्हतीच. तीच जाडी, तेच सोनेरी दात,
एक कोपरा तसाच कापलेला.
पडद्यावर मात्र तीन ओळी, जपानीत.
त्यानं बोट ठेवून वाचल्या आणि मान खाली घालून मला सांगितल्या,
जणू त्याचाच गुन्हा:
"कार्ड इकडचं आहे म्हणे. आणि हे तिकडचं."

मी बसल्या जागी कुणाकुणाला शिव्या घातल्या.
कुठल्या तरी विसाव्या मजल्यावर
एसीत बसून नकाशावर रेघा मारणाऱ्याला,
त्याच्या पट्टीला, त्याच्या पेन्सिलीला.
लिस्बनला घेतलेलं पुस्तक इथे उघडतं.
पत्ते कुठल्याही देशात बावन्नच.
चेंडू लाथ खाण्याआधी पायाचा दाखला मागत नाही.
पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला
कुलूप माझ्या दाराला आणि किल्ली त्याच्या कमरेला,
हा कुठला न्याय?

कुलूप काढता येतं का? येतं, कधीकधी.
एका पोराचं काळं मशीन मी असंच मोकळं केलं होतं.
पंधरवड्यात अपडेट आलं
आणि मशीनची वीट झाली.
तिच्यावर मी अजून चहाचा पेला ठेवतो,
म्हणजे हात पुन्हा शिवशिवायला लागले तर दिसावी.

म्हणून दुसरी वाट दाखवली. "हे मला देऊन टाक.
इकडचं एक आहे माझ्याकडे, बरोबरीत घे."
वाईट सौदा नव्हता. माझंच थोडं नुकसान.
त्यानं दुसऱ्या खिशातून दुसरं कार्ड काढलं,
कोपऱ्याला सेलोटेप लावलेलं.
"यात आमचं गाव आहे. बाबांनी सात नाशपाती लावल्यात.
रात्रपाळीहून आले की झोपण्याआधी फळं मोजायचे.
हे चालेल तुमच्या मशीनमध्ये?"

खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.
"नाही," म्हणालो. "तेही तसंच."

तो काही बोलला नाही. पास्तेलवाल्या बाईनं
मध्येच डोकावून विचारलं, चीजचा की मटणाचा.
मी बिजागरीला उगाच थेंबभर तेल दिलं,
पैसे घेतले नाहीत. घेणार तरी कशाचे?

शनिवारी बघतो तर गाळ्यासमोर
पालथ्या क्रेटवर दोघं, डोक्याला डोकं लावून.
भेट दिलेलं कार्ड व्हाग्नेरच्याच मशीनमध्ये,
आणि ते मशीन काउएच्या हातात.
काउएचं निळं व्हाग्नेरच्या तेलकट बोटांत.
त्याला एक अक्षर वाचता येत नाही,
तरी समोर दिसेल ते झाड हलवतोय,
धपाधप फळं पाडतोय.

आपल्या खेळावरची नजर न काढता काउए म्हणाला,
"विहिरीजवळचं सोड. ते अजून मोजलेलं नाही."