पाचवा हात

देल्फीन आर्सेनोने कनू आणली ती एप्रिलात,
रेस्टिगूश नदीवर अजून बर्फाचे तुकडे वाहत होते.
म्हणाली, फक्त काठ बदल. आत हात लावू नकोस.

आत सीडरच्या फासळ्यांवर कुत्र्याच्या नखांचे ओरखडे,
एका फळीवर सामन माशाचं जुनं, तपकिरी रक्त.
मी हात लावला नाही.

काठ मात्र गेलेलाच.
वीस हिवाळे कोठारामागे पालथी पडलेली होडी,
टोकं जमिनीत रुतून इतकी भुसभुशीत
की पटाशी टेकवली तरी ओल्या पावासारखी उघडायची.
पितळी स्क्रू, एकशे बारा.
सात मोडले. त्यांना फ्रेंचमधून शिव्या दिल्या;
आमच्याकडे इंग्रजी फक्त बिलापुरती.

नवी अ‍ॅशची पट्टी, बिनगाठीची.
किटली, नळा, नळ्याच्या तोंडाला गोणपाट,
पाऊण तास वाफ.
मग वीसेक श्वास लाकूड ऐकतं,
त्यानंतर हट्टाला पेटतं.
किटलीखाली जळण म्हणून जुनाच काठ घातला.
वाळलेला होता, छान पेटला.

मग रोगणाचे पाच हात,
चिलटं चिकटू नयेत म्हणून दारं लावून, घामात.

जूनमध्ये ती आली.
डोळे मिटून डाव्या काठावरून बोटं नेली,
मागच्या बाकापाशी थांबली.
पुन्हा मागे. पुन्हा पुढे.
"इथली खळगी?"

आठवली मला. अंगठा बसेल एवढी, बशीसारखी गुळगुळीत.
मी तिला झीज समजलो होतो.
युक्लीद वल्हं तिथे टेकवून होडी वळवायचा,
चाळीस वर्षं, नेहमी डावीकडेच;
उजवा खांदा त्याचा कामाचा नव्हता.

"जाळली," मी म्हणालो.

रडली असती तर मला सोपं गेलं असतं.
तिने गाडीतून वल्हं काढलं,
गवतावरच्या होडीत गुडघे टेकून बसली,
अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, चर्चचे बूट घालून,
आणि वल्ह्याचा दांडा
माझ्या पाचव्या हातावर रोवून
सगळं वजन टाकलं.

कर्र झालं. पोटात माझ्याही.
नखाएवढी पांढरी रेघ उठली.
तिने थुंकी लावून पुसली, वाकून पाहिली,
म्हणाली, चल, टपावर चढवू लाग.

बिलातून मी पाचवा हात वजा केला.
तिने चष्मा लावून तो परत लिहिला.