भोक पाडलेला नमुना

सव्हानाच्या बंदरालगत, गोदामांच्या मागे,
एका दुमजली ऑफिसात मी वस्तूंना नावं ठेवते.
म्हणजे खोड्या काढत नाही;
दहा आकड्यांचं नाव देते एकेका वस्तूला,
आणि नावाला चिकटून दर येतो.
बरणी म्हटलं तर एक,
दिव्याची काच म्हटलं तर दुसरा.
वस्तू बिचारी तीच असते.

लोरेन प्रुइट, वय एकसष्ट,
जुन्या लाँड्रीच्या जागेत मेणबत्त्या ओतते.
मेण आयोवाचं, सोयाबीनचं. वात टेनेसीची.
फक्त काच फिरोजाबादची.
हे ‘फक्त’ ती फोनवर तीनदा म्हणाली.

तिचा कंटेनर मुंद्र्याहून निघाला तेव्हा दर एक होता,
भर समुद्रात दुसरा,
धक्क्याला लागला तेव्हा तिसरा.
पाण्याला काही कळलं नाही.
एकवीस हजार सहाशे बरण्या
जागच्या जागी, अंधारात, पुठ्ठ्यांच्या घरांत
महाग होत आल्या.

“पण हे तर त्यांनी भरायचं ना? टीव्हीवर तर...”
मी म्हटलं, बाई, पावती तुमच्या नावावर फाटते.
बराच वेळ फक्त तिच्या पंख्याचा आवाज.
मग विचारलं तिने, चेक कुणाच्या नावाने लिहू.

अठरा डॉलरची मेणबत्ती आता तेवीसला.
शनिवारी मी दुकानात उभी होते.
गिऱ्हाईक उचलतं, हुंगतं,
उलटी करून बुडाचं लेबल वाचतं,
आणि आवाज होणार नाही अशा बेताने परत ठेवतं.
वास बोटांना राहतो. वासाला दर नाही, अजून तरी.
वाती कापायला येणारी जोसलिन
आता फक्त मंगळवारी येते.

एकाच बाजूचं सांगून मोकळी होईन, तर तेही खरं नाही.
लोरेनचा दीर ओहायोत काचेच्या भट्टीवर आहे.
अकरा वर्षांनी तिथे दुसरी पाळी लागली.
त्याने फोटो पाठवला: भट्टीचं लाल तोंड, पुढे त्याचा अंगठा.
तिने त्याच्याकडे भाव विचारला.
दुप्पट, आणि एका वेळी लाखभर घ्यायच्या;
शिवाय साचे जर्मनीचे, त्यांच्यावरही जकात.
थँक्सगिव्हिंगला दोघं एका टेबलाशी बसली
आणि हवेबद्दल बोलली.

फिरोजाबादहून इक्तिदार साहेबांची मेल:
पुढची ऑर्डर धरू की सोडू, मॅडम?
भट्टी विझवली तर पुन्हा तापायला आठ दिवस घेते.
लोरेनने ती मला पाठवली, वर एकच शब्द: काय लिहू?
तो माझ्या कामाचा भाग नाही.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

माझे वडील कुपवाडच्या जकात नाक्यावर होते.
पोत्यात सळई खुपसून बघायचे, तांदळाखाली काय आहे.
ट्रक गेला की रस्त्यावर दाण्यांची बारीक रेघ उरायची.
चिमण्यांना ट्रकची वेळ पाठ होती.
पुढे नाका उठला. शेडमध्ये पंक्चरवाला बसतो.
मी कायदा शिकले, समुद्र ओलांडला,
आणि येऊन बसले ती नाक्यावरच.

नियमांत एक कलम आहे, माझ्या आवडीचं:
नमुना म्हणून आलेली वस्तू
विकता येऊ नये अशी करून पाठवली असेल,
फाडून, कापून, भोक पाडून,
तर तिला जकात नाही.

तशी एक बरणी मागच्या वर्षी आली होती,
निळसर, बुडाजवळ भोक पाडलेली.
लोरेनने ती मला देऊन टाकली.
“घे. फुकट आलेली एवढीच.”

काल वादळात वीज गेली.
मी तिच्यात एक उरलेलं मेणबत्तीचं बूड लावलं.
मेण भोकातून ओघळलं, टेबलक्लॉथ गेला.
आणि समोरच्या भिंतीवर
उजेडाचा एक ठिपका,
सळईएवढा.