खळ

दांडिया बाजारात, लाकडी पुलाच्या अलीकडे
माझं बाइंडिंगचं दुकान.
परीक्षांच्या दिवसांत प्रबंध, एरवी वकिलांच्या फायली,
आणि दर दिवाळीनंतर
कोमळवल्ली मामींचे सुटे कागद.

मामी कुंभकोणमच्या. नवरा खताच्या कारखान्यात होता.
तो गेला, त्या राहिल्या.
पन्नास वर्षांत गुजराती भाजीपुरती,
मराठी माझ्यापुरती,
उरलेलं सगळं कागदांवर.

मला त्यातलं अक्षर कळत नाही.
वरची बाजू ओळखतो ती समासाच्या रेघेवरून.
एकदा कागद बिनरेघी निघाला
आणि सोळा पानं उलटी शिवली गेली.
सहा महिने त्या काही बोलल्या नाहीत.
मग एकदा पैसे मोजता मोजता :
"मुकुंदभाई, तिथे बाई सासर सोडून निघते.
वही उलटी धरून वाचलं.
बरं वाटलं तिला."

'तमिळ' म्हणायलाही त्यांनीच शिकवलं.
जीभ मागे. आणखी मागे. अजून.
गिऱ्हाईक उभं, आणि मी काउंटरवर ळ, ळ, ळ.
शेवटी म्हणाल्या, असू दे,
तुमच्याकडे एक आहे तेवढा पुरे,
पुष्कळांकडे तोही नसतो.

माझा ळ म्हणजे खळ.
मैदा, चिमूटभर मोरचूद, मंद आच,
आणि ढवळणाऱ्यानं कुठे जायचं नाही.

यंदा मदुरैच्या कुठल्याशा संस्थेनं त्यांना पुरस्कार दिला.
जाणं झालं नाही. गुडघे.
कुरियरवाला खोकं माझ्याकडेच घेऊन आला,
मामी दुपारी दार उघडत नाहीत.
जरीची शाल, लाकडावर पितळी दिवा, थोडा वाकलेला,
आणि जाड कागदावर मानपत्र.
"घेणाऱ्याचं नातं?" त्यानं विचारलं.
मी लिहिलं, बाइंडर.

गुजराती पेपरात दोन ओळी आल्या, त्यांत नाव चुकलेलं.
मंडळाचे कारखानीस नारळ घेऊन गेले,
तंजावर आणि आपण, म्हणाले, किती जुनं नातं,
राणीसाहेब तिकडून आल्या, बरोबर नर्तकी आल्या,
आणि चहा संपता संपता :
मराठीत काही लिहिलंत का?

मामी म्हणाल्या,
"मराठीत उधारी ठेवते.
लिहायला रागवणारं कुणी लागतं.
आई एकाच भाषेत रागवायची."

नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली.
अर्धी वाटी दुकानात आली.

काल स्वतः आल्या, रिक्षा थांबवून.
दोनशे चाळीस पानं, बिनरेघी,
प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीचा बारीक बाण.
माझ्यासाठी.
आणि पिशवीतून ते मानपत्र.
"पुठ्ठा चांगला आहे. लावून टाका."

फ्रेम करून देतो, मी म्हणालो, पैसे नकोत.
"भिंतीवर कोण वाचणार? सविताबेन?
शाल तिलाच दिली. तिला थंडी वाजते."

निदान लिहिलंय काय ते तरी सांगा.
सांगितलं नाही. वाचलं.
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी,
पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत, उभ्यानं.
पोऱ्यानं झेरॉक्सचं मशीन आपणहून बंद केलं.
मला कळलं ते इतकंच की
त्यांचं नाव दोनदा आलं
आणि एकदा आमचं बडोदं,
जरा वेगळ्याच तोंडानं.

मापाला धरलं तर दोन बोटं जास्त होतं.
या पट्टीवर काय आहे?
"तारीख," मामी म्हणाल्या. "कापा."

आता वही दाबाखाली आहे.
अक्षरांची बाजू आत, वर काळं कापड.
खळ सुकायला उद्याची संध्याकाळ होईल.
बाण सगळे वर आहेत.
दोनदा पाहिले.