नोझल चेक

म्हापशात मशीन घ्यायला निघालो तेव्हा
डीलर तासाला किती चौरस फूट तेच सांगत होता.
मी विचारलं, सणाच्या आदल्या रात्री हेड तुंबलं तर
येणार कोण?
म्हणाला, टोल-फ्री नंबर आहे.

मी दुसरं घेतलं. हळू चालणारं, जुनं मॉडेल.
कारण त्याचा तुयेकर बांद्याला राहतो
आणि घास तोंडात असला तरी फोन उचलतो:
"मॅजेंटा की सायन?"

काल मॅजेंटा.
नरकासुर स्पर्धेचा बॅनर, दहा बाय वीस,
आणि असुराच्या जिभेवर पांढऱ्या रेघा,
फणीने विंचरल्यासारख्या.

साडेअकराला तो आला, स्कूटरवर.
डिकीत सिरिंज, सॉल्व्हंटची बाटली,
बायकोने बांधून दिलेली घावनं.
डँपर काढला, हेडखाली वाकला.
"रात्री एसी बंद करतोस ना, बिल वाचवायला?"
मी गप्प.

दोमिंगो अंकल कोपऱ्यात आयलेट ठोकत होते.
शापोऱ्याच्या अर्ध्या ट्रॉलरांवरची नावं त्यांच्या हातची.
म्हणाले, ब्रश सुकला की मी तो
रात्रभर केरोसिनात उभा करायचो.
तुयेकर वर न बघता म्हणाला,
"मग मी काय वेगळं करतोय?"

तीन वाजता पट्टी काढली.
सगळ्या रेघा आल्या, एक सोडून.
"ती राहू दे," तो म्हणाला,
"दुसऱ्या पासात शेजारची भरून काढील."

जीभ लालभडक उतरत होती.
आम्ही तिघं उभ्यानेच
थंड घावनं खाल्ली,
बोटांना सॉल्व्हंटचा वास.